पोहणाऱ्या मुलीने उड्या का माराव्यात?

प्रश्न : माझी 13 वर्षांची मुलगी रोज तासभर पोहते. तिच्या प्रशिक्षकांनी आता आठवड्यातून तीन दिवस दोरीवरच्या उड्या आणि हलक्या वजनांचा व्यायाम करायला सांगितले आहे. वाढत्या वयात असे व्यायाम केले तर उंची खुंटते, असे घरातल्या मोठ्यांचे म्हणणे आहे. पोहणे पुरेसे नाही का?

उत्तर : पोहण्याने हृदय, फुप्फुसे आणि स्नायू उत्तम तयार होतात, त्यामुळे ते मुळीच बंद करू नका. मात्र पाण्यात शरीराचा भार बराचसा पाणीच पेलते, आणि हाड मजबूत होण्यासाठी त्याच्यावर भार पडावा लागतो, थोडे हादरे बसावे लागतात. उडी मारून पाय जमिनीवर टेकतात तेव्हा हाड क्षणभर किंचित वाकते. हा ताण हाडातल्या पेशींना जाणवतो आणि त्या जागी नवे हाड घालण्याचे काम सुरू होते. टेनिसपटूंच्या दंडात हे स्पष्ट दिसते. शरीर एक, आहार एक, तरीही रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते, आणि ज्या मुलींनी पाळी सुरू होण्यापूर्वी किंवा त्या सुमारास खेळायला सुरुवात केलेली असते त्यांच्यात हा फरक अधिक आढळतो.

म्हणूनच तुमच्या मुलीचे हे वय मला फार मोलाचे वाटते. प्रौढपणी हाडांत जेवढे खनिज असते, त्याचा सुमारे चौथा हिस्सा किशोरवयातल्या जोमदार वाढीच्या अवघ्या दोन वर्षांत साठतो, आणि पुढे कितीही व्यायाम केला तरी एवढी भर पुन्हा पडत नाही. 5 ते 17 या वयोगटासाठी जागतिक आरोग्य संघटनेने रोज सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सुचवली आहे, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम त्यात असावा, असेही म्हटले आहे. प्रशिक्षकांचा सल्ला याला धरूनच आहे. उड्या एका दमात शेकड्यांनी मारू नयेत, कारण हाडाच्या पेशी सलग हादऱ्यांना लवकर सरावतात. थोड्या उड्या, मध्ये विश्रांती, पुन्हा थोड्या उड्या, असा क्रम ठेवावा.

उंची खुंटण्याची भीती मात्र मनातून काढून टाका. जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या वजनांच्या व्यायामाने उंची थांबत नाही. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चेला इजा होऊ शकते ती चुकीच्या पद्धतीने, झेपणार नाही एवढे वजन उचलल्याने.

मला खरी काळजी वाटते ती व्यायाम वाढवून जेवण कमी करणाऱ्या मुलींची. शरीराला ऊर्जा कमी पडू लागली, की पाळी अनियमित होते, इस्ट्रोजेन हे हाडे जपणारे स्त्री-संप्रेरक घटते आणि व्यायाम चालू असूनही हाडे विरळ होऊ लागतात. तेव्हा तिला पोटभर जेवू द्या, आहारात पुरेसे कॅल्शियम आणि प्रथिने असू द्या, ड जीवनसत्त्वाकडेही लक्ष ठेवा. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, 15 वर्षे पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, किंवा नडगीत अथवा पावलात एकाच जागी दुखून ते विश्रांतीनंतरही राहिले, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.