रेल्वेतली पीएचडी करून ब्रिटनमधे इंडस्ट्रीत जायचं असेल तर

तुम्ही विचारलंय की चाक आणि रूळ यांच्या संपर्कावर ब्रिटनमधे पीएचडीची जागा मिळतेय, पण पुढे शिकवायचं नाही, कंपनीतच जायचंय, तर ही वर्षं फुकट जातील का. नाही जाणार. मी त्याच वाटेने इथे आलो आणि आता एका सल्लागार कंपनीत ट्रॅक आणि गाडीच्या डायनॅमिक्सचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या विषयाला इथे मागणी का आहे ते आधी सांगतो. १७ ऑक्टोबर २००० ला हॅटफील्डजवळ रूळ तुटून गाडी घसरली, ४ माणसं गेली. चाकांच्या सततच्या दाबाने रुळाच्या आतल्या कडेला भेगा पडल्या होत्या. त्यानंतर देशभर गाड्यांवर वेगमर्यादा घातल्या, सगळं वेळापत्रक कोलमडलं, आणि वर्षभरात रुळांची मालक असलेली रेलट्रॅक कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली, तिच्या जागी मग नेटवर्क रेल आली. त्यामुळे भेग कधी वाढेल, ग्राइंडिंग (रुळाचा वरचा थर घासून काढणं) कधी करायचं, रूळ बदलायचा कधी, हे प्रश्न इथे फक्त पेपरात राहत नाहीत, रोजच्या कामाचे आहेत. तुमचा थिसिस यातल्या एखाद्या प्रश्नाला उत्तर देत असेल तर मुलाखतीत अर्धं काम झालंच समजा.

पण एक सवय बदलावी लागते. विद्यापीठात मॉडेल किती नवीन आहे ते बघतात. कंपनीत विचारतात की हे प्रत्यक्ष मोजलेल्या डेटाशी जुळतं का, कुठल्या वेगापर्यंत आणि किती त्रिज्येच्या वळणापर्यंत जुळतं, आणि उद्या यावर सही कोण करणार. सिमपॅक किंवा व्हॅम्पायर ही गाडीची रुळावरची हालचाल कॉम्प्युटरवर तपासायची सॉफ्टवेअर चालवता येणं चांगलंच, पण त्याबरोबर ईएन १४३६३ (गाडीच्या चाचण्या आणि मान्यता) आणि ईएन ५०१२६ (विश्वासार्हता आणि सुरक्षितता) ही स्टँडर्ड्स पीएचडी चालू असतानाच वाचून ठेवा, कोणी सांगेपर्यंत थांबू नका. नवीन आलेले पीएचडीवाले बहुतेक इथेच अडखळतात, गणित उत्तम असतं पण पुराव्याची कागदपत्रं कशी लिहायची ते माहीतच नसतं.

आता व्हिसा. इंजिनियरिंगच्या पीएचडीला येताना एटास सर्टिफिकेट (संवेदनशील तांत्रिक विषय शिकायला ब्रिटिश सरकारची आधी घ्यायची मंजुरी) लागतं, त्याला वेळ लागतो, लवकर अर्ज करा. नंतर ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षण संपल्यावर इथे राहून काम करायचा) पीएचडीवाल्यांना ३ वर्षांचा मिळतो, त्यात स्पॉन्सर, म्हणजे व्हिसाची जबाबदारी घेणारी कंपनी, लागत नाही, पण नुसता थिसिस जमा करून भागत नाही, विद्यापीठाने कोर्स यशस्वीपणे पूर्ण झाल्याचं होम ऑफिसला (व्हिसा बघणारं सरकारी खातं) कळवावं लागतं आणि तुमचा अर्ज स्टुडंट व्हिसा संपायच्या आत जायला हवा. व्हायवानंतर (थिसिसची तोंडी परीक्षा) करेक्शन्स लांबली तर हे गणित फार ताणलं जातं, म्हणून शेवटच्या वर्षाचं वेळापत्रक व्हिसाची तारीख समोर ठेवून आखा. ३ वर्षं आहेत म्हणून निवांतही राहू नका, पुढे स्किल्ड वर्कर व्हिसावर जायला स्पॉन्सर लायसन्स असलेली कंपनी लागते, त्यांची यादी सरकारी साइटवर आहे. नियम बदलत असतात, दर वेळी तिथेच तपासा.

भरतीची वेळ पण बघा. नेटवर्क रेलचा पैसा ५ वर्षांच्या हिशेबाने ठरतो, सध्याचा टप्पा एप्रिल २०२४ ते मार्च २०२९. टप्पा बदलताना कामं रेंगाळतात आणि सल्लागार कंपन्या हात आखडता घेतात, तेव्हा नकार आला तर लगेच स्वतःला कमी लेखू नका, डर्बी शहराच्या आसपासच्या, रेल्वेगाड्या बनवणाऱ्या आणि छोट्या कंपन्यांकडेही अर्ज टाका. रुळावर जाऊन काम करायला पीटीएस (पर्सनल ट्रॅक सेफ्टी, रुळावरच्या सुरक्षिततेचं प्रमाणपत्र) लागतं, त्यासाठीचं ट्रेनिंग आणि मेडिकल शक्यतो कंपनीच करवून घेते, आधी स्वतः खर्च करू नका.

आणि ऑफर स्वीकारायच्या आधी सुपरवायझरला मेल करून दोन गोष्टी विचारा. प्रकल्पात रेल्वे कंपनी भागीदार आहे का आणि तिथे काही महिने बसून काम करता येईल का, आणि तिने दिलेला डेटा थिसिसमधे छापायची परवानगी आहे का. दुसऱ्याचं उत्तर लेखी घ्या, कारण गोपनीयतेच्या करारात अडकलेला थिसिस मुलाखतीत दाखवताच येत नाही.