वाचकांचे प्रश्न : विषारी साप पाळायचाय!

प्रश्न : माझ्याकडे बरीच वर्षं बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक हे बिनविषारी साप आहेत, आजवर एकदाही चावले नाहीत. आता एखादा विषारी साप पाळावा असं डोक्यात आहे. एका मित्राचा व्हायपर (घोणशीच्या कुळातला विषारी साप) इतका शांत आहे की तो त्याला सरळ हातांवर घेतो. सापाला माणसाची सवय होते ना?

थोडीफार होते, म्हणजे तुम्ही रोज समोर आलात तर साप फूत्कारायचं कमी करतो, सारखा पळत नाही, एवढंच. पण कुत्र्यामांजरासारखं नातं वगैरे सापाच्या डोक्यात नसतं. खरी सवय होते ती पाळणाऱ्याला. पहिल्या महिन्यात माणूस हुकशिवाय (साप उचलायची आकड्याची लांब काठी) टँकचं, म्हणजे सापाच्या पेटीचं झाकणही उघडत नाही, आणि वर्षभराने तोच माणूस फोन कानाला लावून पाण्याचं भांडं हाताने बाहेर काढत असतो, कारण इतके दिवस काही झालं नाही ना!

मित्राच्या व्हायपरचं म्हणाल तर बरेचसे व्हायपर एका जागी पडून शिकार करतात. गबून व्हायपर घ्या, पालापाचोळ्यात तासन्‌तास पडून राहतो, भक्ष्य टप्प्यात आलं की क्षणात तोंड मारतो, आणि त्याचे विषदंत ५ सेंटीमीटरपर्यंत लांब असतात, कुठल्याच सापाचे त्याहून मोठे नाहीत. आपण ज्याला शांत स्वभाव म्हणतो ती त्याची शिकारीची पद्धत आहे. मण्यारीचंही तसंच, दिवसा वेटोळं करून तोंड लपवून पडलेली असते, रात्री बघा मग तिला. आणि हाताला उंदराचा वास असेल तर साप रागाने नाही, भुकेने चावतो, तिथे स्वभावाचा प्रश्नच येत नाही.

म्हणून हातात घेणं हा विषयच नको. अनुभवी लोक सापाला हात न लावता सगळी कामं कशी उरकतील ते बघतात. टँकमध्येच लपायला एक शिफ्ट बॉक्स ठेवायचा, साप आत गेला की लांब दांड्याने बाहेरून त्याचं दार बंद करायचं, मग सफाई. आजारी सापाला तपासायचं असेल तर पारदर्शक ट्यूब, साप अर्धा आत शिरला की ट्यूब आणि साप एकत्र धरायचे म्हणजे तोंड मागे वळू शकत नाही. चिमट्याने करकचून धरू नका, बरगड्या मोडतात. आणि टीव्हीवर दाखवतात तसं मान पकडणं तर डोक्यातून काढूनच टाका, लांब दातांचे व्हायपर स्वतःच्याच खालच्या जबड्यातून दात आरपार घालून बोटाला चावलेले आहेत. आफ्रिकेतला स्टिलेटो स्नेक तर तोंड बंद ठेवून बाजूने दात बाहेर काढतो, त्याला मानेमागे सुरक्षित धरायची पद्धतच नाही.

माझं ऐकाल तर एक करा. तुमचा कॉर्न स्नेक आजपासून विषारी आहे असं समजा. हुक, शिफ्ट बॉक्स, कुलूप, सोबत दुसरा माणूस, टँकमध्ये हात अजिबात नाही. हे वर्षभर एकदाही न चुकता जमलं तर पुढचं बोलू, आणि तेही एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली काम करून. त्याआधी तुम्ही राहता तिथला कायदा बघा, काही ठिकाणी लायसन्स मिळतं, काही ठिकाणी सरळ बंदी आहे, बंदी असेल तर विषय तिथेच संपला.

प्रश्न : दात किंवा विषग्रंथी काढलेला साप घेतला तर?

नका घेऊ. दात पडणं आणि नवे येणं हे सापाच्या आयुष्यात चालूच असतं, मागे पुढचे दात तयार असतात, त्यामुळे दात काढले तरी काही आठवड्यांत नवे येऊ शकतात. ग्रंथी काढायची सर्जरी करतात, पण ती अर्धवट झाली तर विष येत राहतं, आणि 'बिनविषारी केलेला' साप चावून विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. वर ही सर्जरी सापाच्या भल्यासाठी नसते, आपल्याला फोटो काढता यावेत म्हणून असते, तेही बऱ्याचदा धड भूल न देता. मला हा प्रकार किळसवाणा वाटतो.

प्रश्न : मागच्या दातांचे, म्हणजे निमविषारी साप सुरुवातीला चालतील का? ते नीट चावूच शकत नाहीत म्हणतात.

हाच समज दोन मोठ्या सर्पतज्ज्ञांच्या काळात सर्रास होता. १९५७ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमचे कार्ल श्मिट एक साप ओळखण्यासाठी बघत होते, बूमस्लँग या आफ्रिकेतल्या निमविषारी सापाचं पिल्लू होतं, अंगठ्याला एकच दात लागला. ते दवाखान्यात गेले नाहीत, लक्षणं लिहीत बसले, दुसऱ्या दिवशी अंतर्गत रक्तस्रावाने वारले. १९७५ मध्ये जर्मनीचे रॉबर्ट मेर्टेन्स, त्यांना स्वतःचा पाळलेला ट्विग स्नेक (हाही आफ्रिकेतला निमविषारीच) चावला, खायला घालताना. १८ दिवस तग धरला, मग तेही वारले. त्या सापावर प्रतिविष तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. सगळेच निमविषारी साप असे नसतात हे खरं, बऱ्याच जणांच्या चावण्याने नुसती सूज येते, पण कुठला कसा हे जातीगणिक वाचूनच ठरवा, 'निमविषारी' या लेबलवर जाऊ नका.

प्रश्न : थोडं थोडं विष टोचून घेतलं तर प्रतिकारशक्ती येते म्हणे. अमेरिकेतले सापांचं विष काढणारे बिल हास्ट शंभर वर्षं जगले ना?

जगले, २०११ मध्ये गेले. १९४८ पासून विष टोचून घेत होते आणि १७० हून जास्त दंश झाले त्यांना. पण २००३ मध्ये मलायन पिट व्हायपरच्या दंशाने बोट गेलंच की. एका सापाच्या विषाविरुद्ध शरीर तयार झालं म्हणून दुसऱ्याच्या विषाला ते उपयोगी पडेलच असं नाही, आणि जिथे चावलं तिथलं मांस सडणं याने थांबतं असं समजू नका. उलट सतत विषाशी संबंध आलेल्या काही लोकांना त्याचीच ॲलर्जी होते, मग पुढच्या दंशात विषाआधी ॲलर्जीच जीव घेऊ शकते.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, नाग पाळायचा म्हणतोय, अँटिव्हेनम (प्रतिविष) फ्रिजमध्ये आणून ठेवीन म्हणतो. मी नको म्हटलं की मी भित्री. काय सांगू त्याला?

ताई, तुम्ही भित्र्या नाही, घरात राहणाऱ्या प्रत्येकाला यात मत असायला हवं, झाकण उघडं राहिलं तर साप त्याच्याच खोलीत थोडाच थांबणारे.

फ्रिजातल्या अँटिव्हेनमचं असं की ते घरी टोचायचं औषध नाही. साधारणपणे घोड्याच्या रक्तातून बनवतात, जोरदार रिॲक्शन येऊ शकते, म्हणून शिरेतून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावं लागतं. एका बाटलीत भागत नाही, कधी दहा लागतात, कधी त्याहून जास्त. शिवाय ते त्या जातीच्या विषावर चालणारंच लागतं, हॉस्पिटलात असलंच तर त्या भागातल्या सापांचं असतं, परदेशी साप चावला तर डॉक्टर तरी काय करणार? नागाच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात, मग व्हेंटिलेटर लागतो.

त्याच्याशी वाद घालू नका, एक कोरा कागद द्या. सापाचं शास्त्रीय नाव, त्यावर चालणारं अँटिव्हेनम कुठलं, ते आत्ता कुठल्या हॉस्पिटलात आहे, एक्स्पायरी कधीची, तिथल्या कुठल्या डॉक्टरांशी तो आधी बोललाय, आणि रात्री दोन वाजता त्याला गाडीत घालून कोण नेणार, हे सगळं लिहून आणायला सांगा. त्याखाली चावल्यावरचंही लिहू दे : टँकला कुलूप, अंगठी घड्याळ काढायचं, अंग हलवायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, सरळ हॉस्पिटल. हा कागद नंतर टँकवर चिकटवायचा असतो, कारण वेळ आली तर त्याला स्वतःला बोलता येईलच असं नाही. त्यातली एक जरी ओळ रिकामी राहिली तर तोवर साप घरात येणार नाही, एवढंच सांगा.