जेरुसलेममध्ये राहायला येताना: गाणे, तेफिला (प्रार्थना) आणि पाहुणे

रेवदंड्याहून लिहिलेले आपले पत्र मिळाले. आपण पुढच्या वर्षी यजमानांसह जेरुसलेममध्ये स्थायिक होणार आहात. गाण्याच्या मैफलींची सवय तेथे मोडेल का, आपल्या मशिदीतल्या, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरातल्या (सिनेगॉगमधल्या), ओळखीच्या चाली परक्या चालींच्या गर्दीत हरवतील का, आणि आईवडील किंवा शेजारी भेटीला आले तर एवढ्या सोवळ्या शहरात त्यांचे मन रमेल का, असे आपण विचारले आहे. मी अलिबागच्या इस्रायल आळीतली, आपल्यासारखीच बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली यहुदी. संसार येथे होऊन बरीच वर्षे लोटली. माझे उत्तर असे की हे सारे येथे भरभरून मिळते, परंतु ते सर्वस्वी इब्री पंचांगाच्या तालावर चालते, आणि ते पंचांग ज्याने आधी अंगी बाणवले त्यालाच या शहराचा खरा आनंद घेता येतो.

आठवड्यापासूनच सुरुवात करा. शुक्रवारी दुपारपासून दुकाने आवरू लागतात, सूर्यास्ताच्या ४० मिनिटे आधी शाब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, दिवे लागतात, आणि शनिवारी रात्रीपर्यंत बस व ट्राम बंद राहतात. रविवार हा कामाचा दिवस असतो. त्यामुळे मैफली आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी किंवा शाब्बाथ सुटल्यावर होतात. तालबियातील जेरुसलेम थिएटरच्या हेन्री क्राउन सभागृहात जेरुसलेम सिम्फनी ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम असतात. १९३३ साली उघडलेल्या वायएमसीएच्या देखण्या सभागृहात एलेना बाश्किरोवा यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला चेंबर संगीताचा महोत्सव भरतो, तर हिवाळ्याच्या तोंडावर ऊद या तंतुवाद्याचा महोत्सव असतो. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता ज्या इस्रायल फिलहार्मोनिकचे २०१९पर्यंत संगीत दिग्दर्शक होते, तिचे माहेरघर तेल अवीव असले तरी जलद रेल्वेमुळे तेही आता दूर राहिलेले नाही. पेसाह या वसंतातील सणानंतरचे काही आठवडे आणि तिशा बेआव या उन्हाळ्यातील शोकाच्या उपासापूर्वीचे तीन आठवडे धर्म पाळणारी मंडळी गाणेबजावणे वर्ज्य मानतात. मैफलींची वर्गणी भरताना हे ध्यानात असू द्यावे.

परंतु माझ्या मते या शहरातले सर्वोत्तम गाणे तिकीट काढून ऐकण्याचे नाहीच. नहलाओत या जुन्या वस्तीत १९०१ साली हलबच्या, म्हणजे सीरियातील अलेप्पोच्या, यहुद्यांनी बांधलेली आदेस ही मशीद आहे. तेथे हिवाळ्यातील शाब्बाथच्या रात्री, पहाटे तीनच्या सुमारास, बकाशोत नावाची स्तोत्रे गाण्यासाठी लोक जमतात. गल्लीत चिटपाखरू नसते, आत मात्र बाके भरलेली असतात. गाणारे दोन बाजूंना विभागून बसतात. एका बाजूने कडवे संपवले की दुसरी बाजू ते उचलते, मध्येच एखादा वृद्ध गृहस्थ किंवा कोवळ्या आवाजाचा मुलगा एकट्याने आलाप घेतो, आणि मकाम, म्हणजे अरबी संगीतातील रागासारखी स्वररचना, बदलताना सारी सभा त्याच्यामागोमाग वळते. स्त्रिया वर सज्जात बसतात. रागदारीवर वाढलेल्या कानाला मकाम फार लवकर आपलासा वाटतो, हा माझा अनुभव आहे. शाब्बाथ असल्यामुळे ध्वनिमुद्रण करता येत नाही. म्हणून जे ऐकायचे ते मन लावून ऐकावे लागते, आणि म्हणूनच ते मनात राहते.

तसेच नव्याच्या सणाआधीच्या, म्हणजे इब्री नववर्षाआधीच्या, एलूल महिन्यात सलिहोतच्या, म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थनांच्या, रात्री येतात. आपण सेफार्दी पद्धतीच्या प्रार्थना म्हणत असल्याने त्यांतले पुष्कळसे शब्द आपल्याला पाठच असतील, फक्त चाल निराळी लागेल. दरफाळणीच्या सणाआधीच्या (योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाआधीच्या) शेवटच्या रात्री कोटेलसमोरचे, म्हणजे पवित्र पश्चिम भिंतीसमोरचे, मैदान माणसांनी भरून जाते आणि हजारो कंठ एकच ओळ म्हणतात. ती रात्र चुकवू नये, एवढेच मी आग्रहाने सांगेन.

आपल्या कोकणी चाली मात्र आपणच जपाव्या लागतात. आपली मंडळी अशदोद, लोद, रामला, दिमोना, बेअरशेवा येथे अधिक आहेत. जेरुसलेममध्ये चार घरे शोधून ओळख वाढवावी लागते. आम्ही तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या नववर्षाला, घरी मलिदा हा नैवेद्य करतो. भिजवलेल्या पोह्यांत खवलेला नारळ, गूळ आणि वेलची मिसळून ताटात रास करायची, भोवती पाच फळे मांडायची आणि एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलिया प्रेषिताचे, गीत म्हणायचे. ते जेथे प्रकटले अशी आपली श्रद्धा आहे, त्या अलिबागजवळच्या सागावच्या खडकाची गोष्ट तेव्हा मुलांना सांगतो. पोहे भारतीय दुकानांत मिळतात. नारळाच्या दुधावर चालणारे आपले स्वयंपाकघर येथे मोठ्या सोयीचे ठरते, कारण मांसाबरोबर दुधदुभते चालत नाही, नारळाचे दूध मात्र निःशंक चालते.

पाहुण्यांना सुक्कोत (शरदातला मांडवांचा सण) आणि पेसाहच्या दिवसांत बोलावण्याचा मोह होतो, परंतु तेव्हा शहर तुडुंब भरते आणि राहण्याचे दर चढतात. वडीलधाऱ्यांसाठी सुक्कोत संपल्यानंतरचे काही आठवडे सर्वांत उत्तम असतात. डिसेंबरनंतर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरची थंडी आणि दगडी फरशी कोकणातल्या गुडघ्यांना सोसत नाही, आणि येथला पाऊसही हिवाळ्यातच पडतो. कोटेलला जाण्यासाठी डंग गेटजवळ सोडणारी बस घ्यावी, म्हणजे पायऱ्या वाचतात. येणारे सगळेच आपल्या धर्माचे असतील असे नाही. वसईहून आलेल्या ख्रिस्ती स्नेह्यांना पवित्र कबरीच्या चर्चमध्ये पहाटे न्यावे, कारण नंतर रांगा लागतात. मुरूडच्या मुसलमान शेजाऱ्यांना हेरॉड गेटजवळचे इंडियन हॉस्पिस, म्हणजे भारतीय यात्रेकरूंची धर्मशाळा, आवर्जून दाखवावे. सूफी संत बाबा फरीद तेथे राहिले होते अशी परंपरा आहे. इस्रायल म्युझियममध्ये कोचीच्या कडवुम्भागम मशिदीचा अंतर्भाग उभा केलेला आहे, तो पाहताना सर्वांनाच घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते.

सुरक्षेची परिस्थिती पालटत असते आणि तिच्यामुळे कार्यक्रमही पुढे ढकलले जातात. म्हणून पाहुण्यांची विमानाची तिकिटे तारीख बदलता येईल अशीच काढावीत, आणि घरात ममाद, म्हणजे सुरक्षित खोली, नसेल तर जवळचा निवारा त्यांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवावा.

राहता राहिला घराचा प्रश्न. शाब्बाथला सर्वत्र पायीच जायचे असल्यामुळे भाड्यापेक्षा अंतराचा विचार आधी करावा. रेहाविया आणि तालबिया सोयीचे आहेत, पण महाग आहेत. नहलाओतची घरे लहान व जुनी असली तरी आदेस दाराशी आणि महाने येहुदाचा बाजार शेजारी येतो. करारावर सही करण्यापूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी त्या घरापासून मशिदीपर्यंत आणि परत, यजमानांसह एकदा चालून पाहावे.