प्रार्थना कोरडी पडली असताना ख्रिस्ती विश्वासात टिकून कसं राहावं?

तुम्ही लिहिलंय की बाप्तिस्मा घेऊन तीन वर्षं झाली, पहिल्या वर्षीचा जोश आता उरला नाही. प्रार्थनेला बसलं की मन भलतीकडेच धावतं, आणि प्रभुभोजनाच्या वेळी, भाकर आणि प्याला घेताना, 'आपण ढोंग तर करत नाही ना' असं वाटतं. शेवटी विचारलंय, टिकून राहणाऱ्यांकडे असं काय असतं जे माझ्याकडे नाही?

मी पाळक नाही, ईश्वरविज्ञान शिकलेलो नाही. ख्रिस्ती घरात वाढलो आणि मधले चौदा महिने मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दाराशीही फिरकलो नाही. त्यामुळे हे उत्तर टिकलेल्या माणसाचं कमी आणि परत आलेल्याचं जास्त आहे.

वडील आजारी होते. सात महिने उपास, प्रार्थना, जे जे सांगितलं ते सगळं केलं. ते गेले. नंतर भेटायला आलेले मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ निघताना, बुटात पाय सरकवता सरकवता म्हणाले, "घरातल्यांचा विश्वास जरा कमी पडला, नाहीतर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी मात्र पुढचे चौदा महिने ते पुरं करत बसलो.

मला परत आणलं ते कुठल्या प्रवचनाने नाही. गायनमंडळातल्या एक मावशी दर शनिवारी रात्री मोबाइलवर एक आकडा पाठवायच्या. नुसता आकडा. 121. 40. 27. 'का येत नाहीस' नाही, 'तुझ्यासाठी प्रार्थना करते' नाही. उद्याच्या उपासनेत वाचायच्या, बायबलमधल्या स्तोत्राचा तो क्रमांक असायचा. आधी राग यायचा, मग सवय झाली, मग कधीतरी उघडून वाचायला लागलो. एका शनिवारी आला 88.

ते स्तोत्र आज उघडून पाहा. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात. तेरावं 'किती वेळ?' असं विचारत सुरू होतं आणि सहा वचनांत गाण्यापर्यंत पोचतं. अठ्ठ्याऐंशीवं वळतच नाही. मूळ हिब्रूत त्याचा अखेरचा शब्दच 'अंधार' आहे. पुढे काही राहिलं की काय म्हणून मी पान उलटून पाहिलं, तर तिथे एकोणनव्वदावं सुरू झालेलं. हा माणूस देवाला म्हणतो, तूच मला खोल गर्तेत टाकलंस. पण म्हणतो ते देवालाच. पाठ फिरवून, दुसऱ्या कुणाजवळ कुरकुर करत नाही. आणि ज्यांनी स्तोत्रसंहिता जुळवली त्यांनी हे गाळलं नाही. उलट वर नोंद केली की हे मुख्य गवयासाठी आहे. म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायचं! मी ज्या जागी उभा होतो ती जागा विश्वासाच्या कुंपणाबाहेर नाही, हे मला त्या रात्री कळलं. बरं वाटलं असं नाही म्हणणार. पण आपण बाहेर पडलोय ही समजूत गेली.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की विश्वास म्हणजे आत काहीतरी जाणवणं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू 'माझ्यामध्ये राहा' म्हणतो. तिथलं ग्रीक क्रियापद अगदी साधं आहे: राहणं, मुक्काम करणं. नव्या करारातल्या पत्रांमध्ये जिथे 'धीर' किंवा 'सहनशीलता' वाचतो तिथे पुष्कळदा 'हुपोमोने' हा शब्द असतो, आणि त्यातही तेच क्रियापद दडलंय, ओझ्याखाली राहणं. आपल्याकडे 'तग धरणं' म्हणतात ना, तेच. यात जोश कुठेच नाही. जोश येतो, जातो, पुन्हा येतो. माझ्या बाबतीत तरी बोलावून कधी आला नाही.

कोरडेपणाही काही तुमच्यापासून सुरू झालेला नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रियस नावाचा एक संन्यासी होता. त्याने दुपारच्या वेळी येणाऱ्या एका मोहाचं वर्णन करून ठेवलंय. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो. साधू सारखा खिडकीकडे पाहतो, जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे याचा अंदाज घेतो. मग वाटायला लागतं की या जागेत काही अर्थ नाही, इथल्या बंधूंमध्ये प्रेम उरलेलं नाही, दुसरीकडे गेलो तर बरं होईल. (आपल्याकडे खिडकीच्या जागी फोन आहे, एवढाच फरक.) त्यावर त्याचा सल्ला असा, की त्या वेळी खोली सोडून जाऊ नकोस.

येशूचा शिष्य थोमा, त्याला आपण 'संशयी' म्हणून मोडीत काढतो. पण योहानाचा विसावा अध्याय नीट वाचा. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी तो इतरांबरोबर नव्हता. 'आम्ही प्रभूला पाहिलं' असं दहाजण सांगतात आणि हा सरळ म्हणतो, मी मानणार नाही. आठ दिवसांनी येशू पुन्हा येतो, तेव्हा थोमा कुठे आहे? त्याच खोलीत, त्याच माणसांत. ते आठ दिवस कसे गेले असतील याची मला फार उत्सुकता आहे. दहाजण आनंदात, अकरावा गप्प. त्याने खोली सोडली नाही आणि त्यांनीही त्याला हाकललं नाही. मत्तयाच्या अखेरच्या अध्यायात तर डोंगरावर प्रत्यक्ष येशूला नमन करतानाही काहींना संशय वाटला असं लिहिलंय. महाआज्ञा, म्हणजे सगळ्या राष्ट्रांत जाऊन शिष्य करा ही आज्ञा, मिळाली ती अशाच लोकांना.

तरी समजा पाय घसरलाच, तर? इ. स. 250 मध्ये रोमी सम्राट डेशियसने सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिले. काहींनी बळी न देता नुसता दाखला पैसे देऊन मिळवला. असले दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेले आजही सापडलेत. छळ ओसरल्यावर ही माणसं मंडळीच्या दाराशी येऊन उभी राहिली. रोममधल्या नोव्हेशियनसारखे कडक पाळक म्हणाले, यांना आता आत जागा नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्याबरोबरचे बिशप 251 मध्ये एकत्र बसले आणि पश्चात्तापाची शिस्त पाळून परतीची वाट मोकळी ठेवायची असं त्यांनी ठरवलं. सिप्रियन स्वतः पुढे 258 मध्ये शिरच्छेदाला सामोरा गेला. मरणासमोर न डगमगणाऱ्याच माणसाने डगमगलेल्यांसाठी दार उघडं ठेवलं, हे मला त्या सगळ्या वादापेक्षा मोठं वाटतं.

आता रोजचं. स्वतःच्या शब्दांत प्रार्थना होत नसेल तर उसने शब्द घ्या. दीडशे स्तोत्रं रोज पाच प्रमाणे तीस दिवसांत होतात, ही जुनी पद्धत आहे. मला पाच झेपत नाहीत, मी रोज एक वाचतो, पाच महिन्यांत फेरी पुरी होते. समासात पेन्सिलीने फक्त तारीख टाकतो. काय वाटलं ते लिहीत नाही, कारण लिहायला लागलो की मी स्वतःला मार्क द्यायला लागतो. ज्या दिवशी तेवढंही जमत नाही त्या दिवशी मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाचं वाक्य पुरतं: मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाका. त्या अर्ध्यामुर्ध्या प्रार्थनेवर त्याचा मुलगा बरा झाला.

झोप, भूक, कामातलं लक्ष, सगळंच आठवडेच्या आठवडे उडालं असेल तर मात्र डॉक्टरांना भेटा, त्यात विश्वासाची नाचक्की नाही. जुन्या करारातला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. आणि मंडळीत कुणी तुमचा छळ करत असेल, दबाव आणत असेल, तर ती मंडळी सोडून दुसरी शोधा. ती एक मंडळी सोडणं म्हणजे ख्रिस्ताला सोडणं नव्हे. 'खोली सोडू नका' हा सल्ला कोरडेपणासाठी आहे, जुलमासाठी नाही.

राहिलं प्रभुभोजन. प्रेषित पौल म्हणतो, माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. मीही कित्येक वर्षं ते 'परीक्षा करावी आणि नापास झाल्यास बसून राहावं' असं वाचत होतो. पहिल्या मेजावर कोण होते ते आठवा. पहाटेपर्यंत येशूला तीनदा नाकारणारा पेत्र होता, आणि अटकेच्या वेळी पळून गेलेले बाकीचे. येशूला हे ठाऊक होतं, तरी प्याला त्यांच्यापर्यंत गेला. नाकारताना पेत्र कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता. त्यासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात आणखी एकदाच येतो, पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर येशूने पेटवून ठेवलेल्या विस्तवासाठी. तिथे त्याने पेत्राला तीन प्रश्न विचारले, पण त्याआधी न्याहारी दिली.

मी परतलो त्या रविवारी मागच्या बाकावर बसलो होतो. प्याला हातात आला तेव्हा काहीही जाणवलं नाही, खरंच काहीही नाही. घेतला आणि शेजारच्याकडे दिला. पुढच्या शनिवारपासून मावशींचे आकडे यायचे थांबले.