अकरानंतरचा ओंकार

"मॅडम, तेवढा मोबाईल सोडवा. बाकी आमचा मुलगा गुणी आहे." मी मुलांची समुपदेशक, जूनमध्ये क्लास सुरू झाले की हे वाक्य माझ्याकडे दर आठवड्याला येतं. पुढचंही मला पाठ झालंय: रात्री दोनपर्यंत जागतो, सकाळी हाका मारून घसा बसतो, नाश्ता न करता पळतो, डोकं दुखतं म्हणतो आणि एक शब्द बोललं की दार आपटतो. म्हणून त्यातल्याच एका मुलाची हकिगत लिहितेय. त्याच्या आणि आईच्या संमतीने, नाव आणि खाणाखुणा बदलून.

ओंकार अकरावी सायन्सला, शिवाय जेईईचा क्लास. वडील एमआयडीसीत शिफ्टला, आई घरी शिवणकाम करते. आई बाहेर जाऊन बसल्यावर मी विचारलं, "रात्री काय बघतोस रे?"

"जिमचे रील्स."

"आणि जिमला?"

"वेळ कुठंय, मॅडम!"

मग गडी खुलला. शंभर ग्रॅम सोया चंक्समध्ये पन्नासच्या वर ग्रॅम प्रोटीन असतं, क्रिएटिन कशासाठी घेतात, कुठल्या रीलवाल्याचे दंड 'नॅचरल' नाहीत, म्हणजे औषधं घेऊन फुगवलेत, सगळं तोंडपाठ. माहिती बहुतांशी बरोबरही होती. तब्येतीबद्दल आपल्याला घरात सगळ्यात जास्त कळतं, आणि ते नेटमुळे कळतं, असं त्याचं ठाम मत. प्रत्यक्षात साहेबांचा सकाळचा खुराक चहा-बिस्किट, मधल्या सुट्टीत वडापाव, आणि झोप जेमतेम चार तास. "इतकं कळतं तर वळत का नाही?" हा प्रश्न मात्र या वयाच्या मुलाला विचारू नये. उत्तर त्याच्यापाशी नसतं, टोमणा तेवढा लागतो.

पुढच्या भेटीत मी एका कागदावर दिवसाचे २४ चौकोन आखून त्याच्यासमोर सरकवले. "या तासाला तू काय करतोस ते लिहू नकोस. काय करायचं हे कोण ठरवतं, त्याचं नाव लिही."

तो भराभर लिहीत गेला. आई. कॉलेज. क्लास, क्लास, क्लास. सर. टेस्ट सिरीज. जेवणाच्या चौकोनातही 'आई'. नवाला 'बाबा', कारण बाबा घरी असले की पुस्तक उघडं दिसायला लागतं. अकराच्या चौकोनाशी पेन थांबलं. तिथे, बारात आणि एकच्या चौकोनात त्याने 'मी' लिहिलं. मधल्या 'मी'वर पेन दोनदा फिरवलं.

बराच वेळ कागदाकडे बघून म्हणाला, "म्हणजे दिवसभरात मी एवढाच आहे."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसणं हे निम्मं काम असतं. माणसाचं प्रत्येक वागणं कुठलीतरी गरज भागवायला निघालेलं असतं, असं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ विल्यम ग्लासर सांगत, आणि त्या गरजांमध्ये त्यांनी मोकळेपणाही धरला आहे. मी त्याच विचाराची. ओंकारला रील्सची हाव नव्हती, कोणी काही न सांगणारे तीन तास हवे होते. मोबाईल तेव्हा हाताशी असतो म्हणून मोबाईल. तो काढून घेतला असता तर पोरगा छताकडे बघत जागला असता. माझ्या टेबलावर भल्याभल्या प्रश्नावल्यांना जे जमलं नाही, ते या साध्या कागदाने अनेकदा केलंय.

तोच कागद मी आईंनाही दिला. सासूबाई, डबा, गिऱ्हाईक, इस्त्रीवाला असं करत त्याही रात्री साडेदहाला येऊन थांबल्या. तिथे लिहिलं, 'माझी मालिका, मोबाईलवर'. मग मुलाच्या कागदाकडे बघून हसू दाबत म्हणाल्या, "आम्ही दोघंही चोरूनच जगतोय की!"

ठरलं ते असं. संध्याकाळी साडेपाच ते सात ओंकारचे. अभ्यास झाला का, हे कोणी विचारायचं नाही. "तेव्हाही मोबाईलच बघितला तर?" आईंचा प्रश्न. "बघू दे." सुरुवातीला त्याने तेच केलं. वडील "दीड तास पाण्यात" म्हणून धुमसत राहिले. मग एक दिवस तो सोसायटीमागच्या मैदानातल्या बारला लटकायला गेला. दोन पुल-अप्स काढताना फेस आला, हे त्याने मला फार आनंदाने सांगितलं.

झोपेचं त्याच्याच भाषेत बोलले. वाढीचं संप्रेरक रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत सर्वांत जास्त स्रवतं, स्नायूंची डागडुजीही झोपेत होते. "हे रीलवाले का सांगत नाहीत?" म्हणाला, आणि स्वतःच उत्तर दिलं, "झोपेचा डबा विकता येत नाही ना."

पालकांनी एक लक्षात घ्यावं. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाला दहाला झोप येत नाही, तो नाटक करत नसतो. या वयाला ८ ते १० तास झोप लागते आणि क्लास सहाला उठवतो. हिशेब जुळतच नाही. म्हणून आम्ही साडेअकरावर तडजोड केली, रविवारी नेहमीपेक्षा दोन तासांहून जास्त उशिरा उठायचं नाही, आणि सगळ्यांचे चार्जर हॉलमध्ये. 'सगळ्यांचे' यावर मी अडून बसते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवतात. मला त्यात आवडतं ते हे की मोठ्यांनाही सूट नाही. ओंकारच्या नाश्त्याला उपदेश न करता मोड आलेली मटकी आणि दोन अंडी पुढे ठेवली, प्रोटीनचा आकडा त्याने स्वतः काढला.

तो आजही कधीकधी साडेबारापर्यंत जागतो. डोकेदुखी कमी आहे, वडील अजून धुमसतात.

सगळी मुलं ओंकार नसतात, हेही सांगायला हवं. मोबाईल-व्हिडिओ गेमवर ताबाच उरलेला नाही, शाळा, मित्र, जेवण सुटत चाललंय तरी खेळणं थांबत नाही आणि हे वर्षभर चाललंय, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात तो गेमिंगचा विकार आहे. तिथे कागदावरचे चौकोन पुरत नाहीत, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. मूल जेवण टाळून झपाट्याने वाळत असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर वर्षभराची वाट अजिबात बघू नका. कुठे जायचं सुचत नसेल तर सरकारच्या 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.