पानं गळली म्हणजे डाळिंब मेलं असं नाही

इंग्लंडात रेडिंगला कुंडीत लावलेलं डाळिंब नोव्हेंबरात पिवळं पडून पार खराटा झालं, रेडिएटरजवळ आणून ठेवलं तरी फुटेना, शेजारच्या कढीपत्त्याचीही पानं गळताहेत, आणि बियांपासून वाढवलेल्या या भगव्याला (डाळिंबाच्या भगवा जातीला) फळ कधी धरेल, असं तुम्ही विचारलंय. आधी डाळिंबाचं बघू. एखाद्या काडीची साल नखानं जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. टोकाला वाळलेलं निघालं तर खाली खाली येत जा. बुंध्यापाशी हिरवं असलं तरी पुरे, डाळिंब बुडातून फुटतं.

आणि ते रेडिएटरजवळून आजच उचला.

डाळिंबाचं मूळ घर म्हणजे इराणपासून हिमालयाच्या पश्चिमेपर्यंतचा कोरडा डोंगराळ पट्टा. तिथे हिवाळा कडक असतो आणि झाड पानं गाळून झोपी जातं. आपण ते सोलापूर-सांगोल्याच्या उन्हात पाहिलेलं, म्हणून उबेशिवाय जगणार नाही असं वाटतं. पण तिकडचे बागायतदारसुद्धा बहार धरताना पाणी तोडून ताण देतात, पानगळ करून घेतात आणि मगच पाणी सोडतात. नवी फूट आणि कळी निघते ती त्यानंतर. तुमच्याकडे ही पानगळ थंडीनं फुकटात करून दिली. आता त्याला झोपू द्या. वीस अंशांच्या खोलीत ते मध्येच जागं होतं, इथल्या डिसेंबरच्या अंधुक उजेडात पांढुरके लांबट फुटवे काढतं आणि हीटिंगच्या कोरड्या हवेत त्यावर लाल कोळी चढतो.

पानं नसलेल्या झाडाला उजेड लागत नाही. त्यामुळे हीटिंग नसलेलं गॅरेज किंवा बागेतली शेड ही त्याची हिवाळ्याची उत्तम जागा. पाणी तीन-चार आठवड्यांतून एकदा, तेही माती अगदी भुकटी होऊ नये इतपतच. माझ्या मते इथे थंडीपेक्षा ओलीनं जास्त डाळिंबं मरतात. जमिनीत रुजलेलं, पानं गाळून झोपलेलं मोठं झाड उणे दहाच्या आसपास तग धरतं, पण भिजक्या गार मातीत मुळं कुजायला तेवढी थंडीही लागत नाही. कुंडीतलं रोप त्याहून नाजूक, कारण गारठा मुळांना चहूबाजूंनी लागतो. गॅरेज नसेल तर कुंडी घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला टेकवा, खाली विटा ठेवून उचलून घ्या, भोवती बबल रॅप गुंडाळा, शेंड्यावर फ्लीस (झाडं झाकायचं हलकं कापड) टाका आणि वरून पाऊस लागणार नाही असं बघा. डिसेंबर २०२२ च्या गारठ्यात अशी आडोशाची झाडंसुद्धा पुष्कळांची गेली, त्यामुळे हवामान खात्यानं उणे पाच-सहा सांगितलं की चार रात्री घरात घ्यायला लाजू नका. फक्त घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा.

मार्चमध्ये डोळे फुगायला लागले की लगेच उजेडात आणा. बाहेर कायमचं ठेवायची घाई मात्र नको. दक्षिण इंग्लंडातही मे महिन्यात दहिवर (गोठलेलं दव, फ्रॉस्ट) पडून कोवळी पालवी करपते. दिवसा बाहेर, रात्री आत, हा उद्योग काही आठवडे करावाच लागतो. कुंडी बदलायची तर तेव्हाच: जॉन इन्स नंबर ३ या मातीच्या तयार मिश्रणात चौथा हिस्सा जाड ग्रिट (बारीक खडी) मिसळा. सुपरमार्केटमधलं नुसतं मल्टिपर्पज कंपोस्ट हिवाळ्यात स्पंजासारखं पाणी धरून बसतं. छाटणी हलकी ठेवा, वाळकं आणि एकमेकांवर घासणारं तेवढंच काढा. दरवर्षी सरसकट शेंडे मारले तर फुलं येणारी आखूड काडी तयारच होत नाही. उन्हाळ्यात टोमॅटोचं खत चालतं, त्यात पालाश भरपूर असतं.

आता फळाचं, आणि इथे जरा निराश करतो. एक तर बियांचं झाड आईसारखं निघेलच असं नाही, भगव्याच्या बियांतून भगवाच येईल ही आशा सोडा. दुसरा हिशेब साधा आहे. भगव्याला फुलापासून फळ तयार व्हायला सुमारे सहा महिने लागतात, तेही आपल्याकडच्या उन्हात. इंग्लंडात कळी निघते जुलैत. सहा महिने पुढे मोजा, जानेवारी येतो! फळ सेट झालं तरी लिंबाएवढं होऊन थांबतं. ग्रीनहाऊस किंवा काचेची कॉन्झर्व्हेटरी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे हंगाम लवकर सुरू होतो, परागीकरणासाठी फुलांवर मऊ ब्रश फिरवता येतो आणि एखादं फळ पिकतंही. घंटेसारखी, बुडाशी निमुळती फुलं गळतात त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ती नर फुलं. फळ धरतं ते सुरईसारख्या फुगीर बुडाच्या फुलातून.

मला विचाराल तर इथे डाळिंब फुलांसाठी लावावं. तो शेंदरी लाल रंग इंग्लिश बागेत दुसऱ्या कशाला येत नाही. त्यासाठी ‘नाना’ ही बुटकी जात घ्या, कुंडीत गुडघ्याएवढी असतानाच फुलते. (आठव्या हेन्रीची पहिली राणी, अ‍ॅरागॉनची कॅथरिन, हिचं चिन्ह डाळिंब होतं. त्यामुळे ट्यूडर कोरीवकामात डाळिंबं सापडतात, आणि तिथली सगळी पिकलेली असतात.)

कढीपत्त्याचं सगळं उलटं. हिवाळ्यात पानं गाळणं हा त्याचा इथला धर्म नाही, त्यामुळे त्याला उजेड हवाच आणि तापमान दहाच्या खाली जाऊ नये. त्याला गॅरेजमध्ये टाकलंत तर मेला म्हणून समजा. दक्षिणेकडची खिडकी द्या, रेडिएटरपासून लांब, काचेला पानं टेकणार नाहीत अशी. पाणी कमी, खत बंद. आईच्या सल्ल्यानं ताक घालत असाल तर हिवाळ्यात तरी थांबवा. गार मातीत ते जिरत नाही, आंबतं आणि घरभर चिलटं होतात. पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसत असतील तर तुमच्याकडचं जड पाणी हे कारण असू शकतं. पावसाचं पाणी साठवून घाला, इथे त्याला काही तोटा नाही.

मोगराही कढीपत्त्याच्याच पंक्तीतला, खिडकीतच. कण्हेर थोडं दहिवर सोसते, पण लहान मुलं असतील तर आणूच नका, विषारी आहे. बाहेर सुगंध हवा असेल तर इथल्या कुठल्याही नर्सरीत मिळणारी साधी जॅस्मिन, म्हणजे जास्मिनम ऑफिसिनाले, कुंपणावर चढवा. जाईच्या जवळचा वास आणि हिवाळ्याची चिंता नाही. गणपतीला जास्वंद हवी असेल तर आपली लाल जास्वंद खिडकीत सांभाळत बसण्यापेक्षा हिबिस्कस सिरियाकस जमिनीत लावा. ‘वुडब्रिज’ ही जात गडद गुलाबी असते, ऑगस्ट-सप्टेंबरात भरभरून फुलते. मे अखेरपर्यंत तिला पान दिसत नाही, तेवढं लक्षात ठेवून कुणाला उपटू देऊ नका.

आणि हो, पुढच्या भारतवारीत तिकडून कलम आणायचं मनात असेल तर आणू नका. फायटोसॅनिटरी (झाडाला रोग-कीड नसल्याच्या सरकारी) प्रमाणपत्राशिवाय रोपं किंवा कलमं ग्रेट ब्रिटनमध्ये आणता येत नाहीत, विमानतळावर जप्त होतात.