पहिलं पेडल आणि न मिळणारे पार्ट

अरे एक पार्ट ठाण्यात मिळाला नाही म्हणून गिटारचं इफेक्ट पेडल बनवायचं अडवून ठेवू नकोस, बहुतेक गोष्टींना पर्याय असतो. ४.७के (के म्हणजे किलोओहम) रेझिस्टरऐवजी ५.१के टाकलास तरी सहसा कानाला कळणार नाही. १एन९१४ डायोड नसेल तर सरळ १एन४१४८ घे, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं व्होल्टेज जास्त चालतं, ९ व्होल्टच्या पेडलला १६ किंवा २५चा घे, कमीचा नको.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते ट्रान्झिस्टरला. २एन५०८८ ऐवजी बीसी५४९सी मस्त चालतो पण पाय उलटे, म्हणजे सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की पहिल्यात डावीकडून एमिटर-बेस-कलेक्टर आणि दुसऱ्यात कलेक्टर-बेस-एमिटर, त्यामुळे बोर्डवर फिरवून लावायचा. डेटाशीट (कंपनीचा माहितीचा कागद, त्यात पायांचा क्रम असतो) बघितल्याशिवाय सोल्डर करूच नकोस. आणि दुकानात शेवटचा 'सी' आवर्जून सांग, तो जास्त गेनवाला, म्हणजे सिग्नल जास्त वाढवणारा असतो, नुसता ५४९ मागितलास तर हाताला येईल तो देतात.

आयसी (चिप) थेट सोल्डर न करता तिला सॉकेट लाव, मग ४५५८ आणि टीएल०७२ या दोन्ही ऑप-अँप चिप घालून ऐकता येतात. पॉट (नॉबखालचा फिरवायचा रेझिस्टर) घेताना ए१००के आणि बी१००के एकच समजू नकोस, ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनियर, व्हॉल्यूमला ए.

जर्मेनियमच्या (जुन्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या) नादाला आत्ता लागू नको, आधी हे वाजू दे. सर्किट कुठलंय सांग, यादी बघून देतो.